पऱ्हाटी, कवडी आणि दारव्ह्याचे लघुउद्योग



दारव्ह्याचा कापूस एकेकाळी ‘शकुंतला’ रेल्वेने मूर्तिजापूरमार्गे मुंबईस आणि पुढे मँचेस्टरला जात असे. रुई गेली; पऱ्हाटी मागे उरली, ती चुलीत गेली.

१०० किलो कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतांश सरकी. तिचे तेल व ढेप होते, म्हणून तिला कोणी कचरा म्हणत नाही. उपेक्षा होते ती कवडीची आणि शेतात उभ्या पऱ्हाटीची. २०१७ साली विदर्भाला झोडपणारी गुलाबी बोंडअळी याच कवडीत आणि पऱ्हाटीवरील किडक्या बोंडांत सुप्तावस्थेत दडून राहते. पऱ्हाटी जाळली की अळी मरते खरी, पण इंधनही राख होते!

मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून दाबीव फळ्या आणि इंधनकांड्या बनविण्याची तंत्रे विकसित केली आहेत. अडचण वाहतुकीची आहे. पऱ्हाटी फुगीर; गाडी भरते, वजन भरत नाही. म्हणून तिचा चुरा शेतातच व्हावा आणि कांडी तालुक्याच्या गावीच बनावी. त्यास भांडवल लागेल. कवडी हंगामअखेर नष्ट करणे आणि जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावणे, यांस मात्र फारसे लागत नाही.