पाण्याखालची वस्ती



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. त्याने माशांवर कशाला बोलावे, असे आमच्या सहकाऱ्यांनीच आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि गेटसभांत. म्हणून डोळ्यांनी पाहिले आणि मागाहून पुस्तकांशी पडताळून घेतले, तेवढेच सांगतो.

२०२५ च्या जानेवारीत एका बैठकीसाठी आम्ही कोचीला गेलो होतो. तेथून परवाना काढून बोटीने लक्षद्वीपमधल्या कडमत बेटावर गेलो. ही सारी बेटे मिळून अवघी ३२ चौरस किलोमीटर जमीन. वस्ती १० बेटांवर. कडमतच्या पश्चिमेला प्रवाळांची भिंत आहे. भिंत आणि बेट यांच्यामध्ये उथळ, निवांत पाणी. डोळ्यांवर काच लावायची, तोंडात श्वासाची नळी धरायची आणि पालथे तरंगायचे, एवढीच विद्या. आम्ही विहिरीत पोहायला शिकलेले. पण खाली तळ दिसतो आहे म्हटल्यावर छाती धडधडलीच.

पाण्यात तोंड घातले आणि आधी आवाज ऐकू आला. कुणी चणे फोडावेत तसा. पाहतो तो हिरवे-निळे पोपटमासे चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होते. खडकावरचे शेवाळ हे त्यांचे अन्न. त्याबरोबर पोटात गेलेल्या चुन्याची पूड होते आणि ती वाळू होऊन बाहेर पडते. मालदीवमधल्या एका बेटाभोवती अभ्यासकांनी मोजणी केली, तेव्हा नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू या माशांची निघाली. अशा बेटांचा किनारा म्हणजे बऱ्याच अंशी या माशांची मेहनत.

पुढे एका खडकापाशी रांग दिसली. बोटाएवढा, काळ्या पट्ट्याचा सफाईमासा मोठ्या माशांच्या कल्ल्यांत शिरून किडे टिपत होता. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांवर असा एक मासा दिवसाला दोन हजारांहून अधिक गिऱ्हाइके तपासतो, असे मोजले गेले आहे. पण त्याला किड्यांपेक्षा माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर अधिक आवडतो. त्याचा लचका तोडला की गिऱ्हाईक दचकते, त्याच्या मागे लागते किंवा दुसरीकडे जाते. करार मोडला तर काय होते, हे तेथेही ठरलेले आहे!

याच गमतीत आमच्या नळीत पाणी शिरले. घाबरून आम्ही खालच्या गोल खडकावर पाय टेकला आणि उभे राहिलो. आमचा वाटाड्या, बेटावरचाच तरुण, हात धरून आम्हाला बाजूला घेऊन गेला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "सर, हा दगड नाही. जिवंत आहे."

आम्ही शरमलो. तो गोळा म्हणजे काही मिलिमीटरच्या हजारो जीवांची वसाहत होती. असे गोळे वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्रवाळ त्याला आसरा देतो, शैवाल उन्हावर अन्न तयार करून प्रवाळाला पोसते. मात्र पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो. पाणी लवकर निवले तर सावरतो, नाही तर उपाशी मरतो.

लक्षद्वीपवर हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये घडले. आगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथे १९९८ साली सुमारे ३७ टक्के तळावर जिवंत प्रवाळ होता. २०२२ मध्ये तो १९ टक्क्यांच्या आसपास उरला. आम्हीही पाहिले: दहा हात रंगीत वस्ती, आणि तिच्या पलीकडे करडे, शेवाळलेले सांगाडे. तेथे मासेही तुरळक.

ही भिंत लाटांचा मार अंगावर घेते. ती झिजली तर समुद्रसपाटीपासून काही मीटरच उंच असलेल्या बेटांनी कुठे जावे? त्या तरुणाचे घर तेथे आहे. समुद्र तापवणारा धूर मात्र त्याच्या गावचा नाही. तो आमच्या कारखान्यांचा आहे, आमच्या मोटारींचा आहे. त्याच कारखान्यांतल्या कामगारांची भाकरी टिकावी म्हणून आम्ही आयुष्यभर भांडलो, आणि पुढेही भांडू. पण धूर कमी करण्याची मागणीही आता आमच्या मागणीपत्रात असली पाहिजे, असे आम्ही सहकाऱ्यांना सांगितले आहे. काही हसले, काहींनी वाद घातला. वाद चालू आहे.

आमचा पाय त्या खडकावर क्षणभरच होता. तो उचलायला कुणीतरी हात धरावा लागला, हे आम्ही विसरलेलो नाही.