डास कोणाच्या घरचा?



हिवताप वाढला की बोट चाळीच्या गटाराकडे जाते. आम्हीही पुष्कळ वर्षे तेच मानीत होतो. पण गटारात वाढतो तो क्यूलेक्स. तो हत्तीरोग पसरवील, हिवताप नव्हे. मुंबईत हिवताप देतो तो अॅनॉफेलिस स्टीफेन्सी. त्याला स्वच्छ, साचलेले पाणी लागते : विहीर, गच्चीवरची उघडी टाकी, बांधकामावरचा हौद. तो बसतो शेपटाकडची बाजू उचलून, तिरका. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठाशी आडवी पडून राहते. क्यूलेक्सची डोके खाली करून लोंबते. ही खूण आम्ही बिगाऱ्यांना शिकविली, आणि ते आमच्याहून लवकर शिकले.

१९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला, तेव्हाच त्यांनी विहिरींकडे लक्ष वेधले होते. विहिरी बुजविण्यास धर्माची सबब पुढे करून विरोध झाला!

आता बांधकामाचे पाहा. स्लॅबवर मारायचे पाणी हौदात दिवसचे दिवस राहते. गावाहून ताप अंगात घेऊन आलेला मजूर रात्री तिथेच उघड्यावर निजतो. मादी त्याला चावते. दहाबारा दिवसांत तिच्या पोटात जंतू तयार होतो आणि मग ती शेजारच्या बंगल्यातही जाते. अंड्याचा डास व्हायला आठवडा तरी लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा हौद कोरडा केला की पुरे. त्यासाठीचा अर्धा दिवस मजुरीत धरा, एवढेच आम्ही मागितले. ठेकेदार म्हणाला, "डास काय तुमच्या युनियनचा सभासद आहे?" मच्छरदाण्या मात्र त्याने दिल्या, बारा माणसांना चार.