मातीतले नाणे घासू नका



जुनी नाणी जमविणे हा श्रीमंत पुरुषांचा छंद, अशी आपली समजूत असते. पण आपल्या आजीच्या पुतळ्यांची माळ आठवा. त्या पुतळ्या मूळच्या इटलीतील व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांच्या. परदेशचे नाणे गळ्यात घालण्याची आपली हौस त्याहूनही जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रोमन बादशहांच्या नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके सापडली आहेत. त्या गावचे व्यापारी कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या जुन्या वस्तू हौसेने जमविल्या. आज त्यांच्याच नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे.

रोमन व्यापारी आपल्या देशात मुख्यतः सोन्याचांदीची नाणी आणीत. त्यांचे तांब्या-काशाचे नाणे म्हणजे घरची चिल्लर. त्यात धातूची किंमत थोडी, बादशहाच्या हुकुमाची जास्त. असे नाणे परमुलखात कोण घेणार? तरीही पुढच्या काळातली रोमन तांब्याची नाणी दक्षिण भारतात सापडली आहेत. पण त्याच काळी आपल्याकडेही चिल्लर होतीच, आणि ती सातवाहन राजांची होती.

शेजारच्या वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळे गाव आहे. तेथे १९३९ साली अशा दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. तांब्यात इतर धातू मिसळून पाडलेली ही नाणी. एका बाजूस हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे जोडलेली खूण. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे उजेडात आले. हीच नाणी मोडीत गेली असती तर काय झाले असते? तांब्याची चार भांडी झाली असती आणि ते राजे कायमचे मातीआड राहिले असते.

भगिनींनो, येथेच आपला संबंध येतो. नांगरताना सापडलेले नाणे घरी येते आणि आपण ते लख्ख करावयास चिंच-मीठ घेऊन बसतो. कृपा करून तसे करू नका. त्यावरचा हिरवा थर चिंचेने निघतो खरा, पण त्याबरोबर झिजलेली अक्षरेही जातात. नाणे कोरड्या कागदात गुंडाळावे. कोणत्या शेतात, किती खोल, कशासोबत मिळाले, ते तारखेसह लिहून ठेवावे. ठिकाण हरवलेले नाणे निम्मे मुके होते.

दुसरी गोष्ट भीतीची. गुप्तधन म्हटले की घरातील माणसे गप्प बसतात आणि रात्रीतून माल मोडीत जातो. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचे भूमिगत धन मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. सरकारने ते ठेवून घेतले, तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. लपविणाऱ्याला मात्र शिक्षा आहे.

ज्यांना संग्रहाची हौस आहे त्यांनी परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे व पावती जपावी. बाकीच्यांनी एवढेच करावे, की मातीतून आलेला पैसा घासण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवावा. घरातल्या भांड्यांना चकाकी द्या. नाण्याला मात्र त्याचा मळ राहू द्या.