आईला दिलेला कागद: किल्लारी ते लांगटांग

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलंय.)



मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. "दादा, नेपाळला ट्रेकला जायचंय. प्लॅन कसा करायचा आणि घरच्यांना कसं पटवायचं?" यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यूट्यूबवर शंभर ठिकाणी मिळेल. दुसऱ्याचं सहसा मिळत नाही. माझा अनुभव असा की दुसऱ्याचं उत्तर नीट शोधलं की पहिलं अर्धं तिथंच सुटतं. म्हणून आज माझ्या घरची गोष्ट सांगतो.

मी किल्लारीचा. लातूर जिल्हा, औसा तालुका. गावाचं नाव घेतलं की समोरचा हमखास विचारतो, "भूकंपाचं किल्लारी?" हो, तेच.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्म झाला नसेल. माझाही नव्हता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून, मिरवणुकीत नाचून गाव दमून झोपलं होतं. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार. पण भिंतीत दगडाला धरून ठेवायला फक्त माती. जमीन हलली आणि ते सगळं अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली.

आई तेव्हा सतरा वर्षांची होती. तिची आजी आणि थोरली बहीण त्या पहाटे गेल्या. धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, नऊ वर्षांचा, तो वाचला. कसा वाचला ते आई आजही सांगते. शेजारचे एक आजोबा शेतात जागलीला होते, ते पळत गावात आले. त्यांना माहीत होतं की हे पोरगं रोज जात्याजवळ झोपतं. ढिगारा सगळीकडं सारखाच दिसत होता, पण त्यांनी नेमकं तिथंच उकरलं. आई म्हणते, "तो कुठं झोपलाय ते कुणालातरी माहीत होतं, म्हणून हाती लागला. लई जणांचं कुणालाच माहीत नव्हतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

अजून एक. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशावर आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार, घट्ट काळा खडक, इथं काय व्हायचंय, असं सगळे धरून चालले होते. पुढं नकाशा बदलला आणि हा भाग वरच्या पट्ट्यात गेला. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी डोंगर चढला नाही, ती माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या अंथरुणावर गेली. म्हणून कुणी म्हणालं, "घरात बस, घरात सुरक्षित आहेस," की मला हसू पण येतं आणि गप्प पण व्हायला होतं.

पण थांबा. याचा अर्थ "धोका सगळीकडंच आहे, मग काहीही करा" असा नाही. विशीत मी नेमका हाच अर्थ काढला होता.

पुण्यात शिकत होतो. पावसाळ्याचे दिवस. चौघं जण हरिश्चंद्रगडाला निघालो. खिरेश्वरवरून, तोलार खिंडीतून. घरी सांगितलं, हॉस्टेलवर आहे, परीक्षा जवळ आलीय. ज्यांनी ती वाट केलीय त्यांना माहीत असेल. खिंडीच्या वर खडकाचा टप्पा आहे, तो चढला की पुढं टेकड्यांमागून टेकड्या. धुकं उतरलं तर सगळ्या टेकड्या सारख्याच. आम्ही चुकलो. अंधार पडला, फोन भिजून बंद. रात्र एका कपारीत कुडकुडत काढली. सकाळी गुरं घेऊन आलेल्या एका मामांनी वाटेला लावलं. खरचटण्यापलीकडं कुणाला काही झालं नाही.

इकडं काय झालं? त्याच रात्री आईनं सहज फोन केला. बंद. मित्राला केला. बंद. हॉस्टेलवर केला, तिथं कळलं की पोरगं दोन दिवस नाही. आई रात्रभर अंगणात बसून होती. मी घरी गेलो तेव्हा ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "उकरायचं कुठं, ते तरी सांगून जायचं होतंस रे."

मंडळी, मी त्या दिवशी रडलो. आणि तेव्हा कळलं की साहस करतोय असं मला वाटत होतं खरं, पण त्याचा सगळा भार मी तिच्यावर टाकला होता.

त्यानंतर आमच्या घरात एक नियम झाला. कुठंही जायचं, अगदी कळसूबाईला जरी, तरी एक कागद लिहून घरी ठेवायचा. व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर. देवघराच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. त्यात सहा गोष्टी.

एक, कुठून चढणार आणि कुठून उतरणार. नुसतं गडाचं नाव नाही, पायथ्याच्या गावाचं पण.

दोन, सोबत कोण आणि त्यांच्या घरचे नंबर.

तीन, कोणत्या रात्री कुठं मुक्काम. म्हणजे उकरायचं कुठं.

चार, तिथल्या एका स्थानिक माणसाचा नंबर. गावातला गाईड, जेवणाची सोय करणाऱ्या मावशी, कुणीही.

पाच, फोन कधी लागणार नाही आणि किती वाजल्यानंतर काळजी करायची. ही वेळ उलटली तर आधी स्थानिक माणूस, मग ११२. आपल्या राज्यात गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्रही आहे. त्याचा हेल्पलाइन नंबर निघण्याआधी शोधून, चालू आहे याची खात्री करून कागदावर लिहायचा.

सहा, मागं फिरण्याची वेळ. शिखर हाताच्या अंतरावर असलं तरी या वेळेला परत फिरायचं.

हे लिहायला बसलं की गंमत होते. मुक्काम लिहायचा म्हणजे आधी तो ठरवावा लागतो. स्थानिक नंबर लिहायचा म्हणजे आधी फोन करावा लागतो, मग तोच सांगतो, "या आठवड्यात येऊ नका, ओढ्याला पाणी आहे." म्हणजे आईसाठी कागद लिहिता लिहिता प्लॅन आपोआप तयार होतो. सुरुवातीला म्हटलं ना, दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं अर्धं उत्तर आहे, ते हे.

आता नेपाळ. २०२३ च्या दिवाळीआधी मी आणि एक मित्र लांगटांग व्हॅलीला गेलो. लांगटांगच का? एक तर काठमांडूहून विमान लागत नाही, बसनं स्याब्रुबेसीपर्यंत जाता येतं. दिवस कमी लागतात. आणि खरं कारण दुसरं होतं, ते सांगतो.

आधी तयारीचं पटकन. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. नुसत्या आधारच्या भरवशावर राहू नका. आम्ही गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौली बॉर्डर आणि पुढं बस, असे गेलो. अंग आंबतं, पण पैसे वाचतात. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचा परवाना लागतो, सार्क देशांच्या लोकांना फी कमी आहे. २०२३ मध्येच नेपाळनं परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड घेण्याचा नियम आणला. काही जण याला खर्च म्हणतात. माझ्यासाठी तो कागदावरचा चौथा नंबर होता. इन्शुरन्स काढताना दोन गोष्टी वाचा. किती मीटरपर्यंतचं ट्रेकिंग त्यात आहे, आणि हेलिकॉप्टरनं खाली आणायचा खर्च त्यात आहे का. बऱ्याच पॉलिसी उंचीच्या अटीवरच हात वर करतात. आणि एकूण पैशातला चौथा हिस्सा वेगळा ठेवा, शिवू नका. तो परतीसाठी.

उंचीचं गणित सोपं आहे. साधारण ३००० मीटरच्या वर गेलं की रोज झोपण्याची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, भूक नाही, असं असेल तर वर जायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली. यात हिरोगिरी चालत नाही. रोज जिमला जाणाऱ्यालाही होतं आणि कधी न जाणाऱ्यालाही होत नाही.

आता ते कारण.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये ७.८ चा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसं गेली. त्या दिवशी लांगटांग गावावर वरून बर्फ आणि दगडांचा प्रचंड लोट आला आणि अख्खं गाव गाडलं गेलं. एका कड्याच्या आडोशाला असलेलं एकच घर उरलं. आज तुम्ही त्या वाटेनं जाता तेव्हा गाव जिथं होतं त्या दगडांच्या राशीवरूनच चालता. नवं गाव जवळच वसलंय. तिथं गेलेल्यांची नावं लिहिलेलं स्मारक आहे. गावकऱ्यांची नावं, ट्रेकला आलेल्या परदेशी लोकांचीही.

मी तिथं उभा होतो. आमच्या गाईडला आम्ही दाई म्हणायचो, म्हणजे दादा. त्यानं विचारलं, "तुम्ही इतका वेळ का थांबलात? बाकीचे फोटो काढून पुढं जातात." मी म्हटलं, माझं गाव पण असंच आहे. जुनं गाव गेलं, नवं गाव जवळच आहे, दरवर्षी स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात. त्यानं विचारलं, "तुमचा भूकंप किती वाजता?" मी म्हटलं, पहाटे. तो म्हणाला, "आमचा दुपारी बाराच्या आत. मी काठमांडूला होतो." बस. पुढं अर्धा तास आम्ही तिघं काही बोललो नाही. तो घरातल्या कुणाबद्दल काही बोलला नाही आणि मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, आम्ही क्यानजिन गोम्पाला पोचलो. सुमारे ३८७० मीटर. रात्री गाढ झोपलो. सकाळी चहाला खाली आलो तर लॉजमध्ये सगळे फोनभोवती गोळा झालेले. रात्री बारा वाजायच्या आधी पश्चिम नेपाळात जाजरकोटला भूकंप झाला होता. पुढं आकडा दीडशेच्या वर गेला. आमच्यापासून ते खूप लांब, आम्हाला काहीच जाणवलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर एकच आलं. किल्लारीत आईनं टीव्ही लावला असेल आणि खाली पट्टी चालू असेल, "नेपाळमध्ये भूकंप."

माझ्या फोनला रेंज नव्हती. लॉजवाल्या ताईंच्या फोनवरून दुपारी एकदाचा फोन लागला. मला वाटलं, आई रडत असेल.

आई म्हणाली, "जेवलास का?"

मी म्हटलं, आई, तू बातमी बघितलीस का? म्हणाली, "बघितली की. छातीत धस्स झालं. मग कागद काढला. तीन तारखेला क्यानजिन लिहिलंयस. शेजारच्या पोराला म्हटलं, नकाशात दाखव बाबा. ते जाजरकोट कुठल्या कुठं आहे. पाच तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन येणार नाही असं तूच लिहिलंस, मग कामून घाबरू? सगळ्या पाहुण्यांना मीच सांगितलं, आमचा तिकडं नाही." मग थोडं थांबली आणि म्हणाली, "पण आता वर जायलास का? डोकं दुखलं तर माघारी ये."

हरिश्चंद्रगडाच्या वेळी अंगणात बसलेली तीच बाई. घाबरली यावेळीही, पण यावेळी तिच्या हातात काहीतरी होतं.

आणि खरंच, ५ तारखेला त्सेरगो री नावाच्या शिखराकडं निघालो, जवळपास ५००० मीटर, तेव्हा वाटेतच माझं डोकं ठणकायला लागलं आणि उलटी झाली. वर माणसं दिसत होती. मित्र म्हणाला, "अजून तासाभराचं आहे." दाईनं माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही. कागदावर लिहिलं होतं, अकरा वाजता जिथं असू तिथून मागं. साडेदहाच वाजले होते. पण कागदावर त्रासाचा नियम पण होता. मी फिरलो. मित्र दाईबरोबर शंभर पावलं गेला आणि तोही परत आला. वाईट वाटलं? खूप वाटलं. शिखराचा फोटो माझ्याकडं नाही. पण खाली उतरताना डोकं हळूहळू उतरलं, आणि संध्याकाळी मी गरम डाळभात पोटभर खाल्ला.

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेनं २०१२ मध्ये एव्हरेस्ट केलं, २०१९ मध्ये कांचनजंगा केलं. आपण टीव्हीवर झेंड्याचा फोटो बघतो. त्या फोटोमागं कित्येक महिन्यांचा सराव, याद्या आणि हवामानाची वाट बघणं असतं. आपला ट्रेक त्यापुढं किरकोळ आहे, पण पद्धत तीच आहे.

तर मंडळी, घरच्यांना कसं पटवायचं? पटवू नका. त्यांना प्लॅनमध्ये घ्या. जमीन कधी हलेल हे आपल्या हातात नाही, हे किल्लारीत जन्मलेल्याला कुणी सांगायला नको. पण आपण कुठं आहोत हे कुणालातरी माहीत असणं, हे शंभर टक्के आपल्या हातात आहे.

या शनिवार-रविवारी कुठं निघत असाल, तर बॅग भरायच्या आधी एक कागद लिहा. आणि तो घरी कुणाच्या हातात दिलात, ते मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. सांगून जा, आणि परत या.