माळीण : डोंगरउतारावरील एका शेतीगावाचा इतिहास
(विलेपार्ले येथे दिलेले व्याख्यान)



विलेपारल्यात उभे राहून एका निर्मनुष्य गावाविषयी बोलणे काहीसे विसंगत वाटेल. येथील जुने गावठाण इमारतींच्या दाटीत शोधावे लागते. येथे गाव हरवले ते वाढत्या वस्तीत. मी ज्या गावाविषयी बोलणार आहे, तेथे नेमके उलट घडले.

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या परिसरात माळीण हे प्रामुख्याने महादेव कोळी शेतकऱ्यांचे गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा भाग खचून खाली आला आणि चाळीसच्या आसपास घरे मातीखाली गाडली गेली. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. ही वार्ता प्रथम बाहेर आली ती एस. टी.च्या चालकाकडून. नेहमीच्या फेरीला तो आला, तर समोर गावच नव्हते.

वृत्तपत्रांतील माळीणचा इतिहास त्या दिवशी सुरू होतो. वास्तविक तो कित्येक पिढ्या आधी सुरू झाला होता. सह्याद्रीच्या या भागात सपाट जमीन आयती मिळत नाही, ती करावी लागते. उतार खणायचा, निघालेल्या दगडांचा बांध रचायचा, बाजूला काढून ठेवलेली माती पुन्हा पसरायची. मग पावसाचे पाणी तेथे थांबते आणि भाताचे खाचर तयार होते. एका कुटुंबाच्या हातून हे होण्यासारखे नाही. म्हणून काही कुटुंबे एकत्र येऊन आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबतात. या पद्धतीला 'पडकई' म्हणतात. खाचरात भात, वरच्या चढावर नाचणी आणि वरई, शिवाय जंगलातला हिरडा, असा येथील संसार. पुढे पडकईला शासकीय योजनांचे पाठबळ मिळाले. या भागात हे काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिकही लाभले.

दुर्घटनेनंतर याच पडकईकडे बोट दाखविले गेले. तज्ज्ञांच्या पाहणीत अतिवृष्टी हे मुख्य कारण ठरले. त्याच्या जोडीला उतारावरील सपाटीकरण, विरळ झालेला झाडोरा आणि पाण्याच्या निचऱ्यातील अडथळे यांचाही उल्लेख झाला. यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावरून बराच वाद माजला. सरसकट पडकईला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. कुदळीचे काम सावकाश चालते, आणि डोंगराला किती सोसते हे उमगण्यास तेवढा अवधी मिळतो. यंत्र तो अवधी देत नाही.

वाचलेल्या कुटुंबांनी पुढील काही पावसाळे पत्र्याच्या निवाऱ्यांत काढले. आमडे गावच्या हद्दीत पक्क्या घरांचे नवे माळीण उभे राहिले. त्याचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले. पहिल्याच पावसात तेथील भराव काही ठिकाणी खचला आणि दुरुस्ती करावी लागली. ज्यांनी एकदा डोंगर कोसळताना पाहिला, त्यांच्या मनात त्या रात्री काय आले असेल, याची कल्पना अभियंत्यांनीही करावी.

तथापि माझा मुख्य मुद्दा घरांचा नाही. घर हलविता येते, खाचर हलविता येत नाही. डोंगराची माती शेतावर आली की बांध पुसले जातात, हद्दी पुसल्या जातात. सातबाऱ्यावरचे क्षेत्र मात्र गुंठ्यागणिक तसेच राहते. कुटुंबेच्या कुटुंबे गेली असतील, तर वारसाची नोंद कोणाच्या नावे करावयाची, हा प्रश्न तलाठ्यापुढे येतो. मोजणीसाठी खूण सांगणारा वृद्धही पुष्कळदा उरलेला नसतो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की डोंगराळ गावांतील मुलांकडून शेताशेतांची नावे, झरे, जुन्या पायवाटा यांची वही तयार करून घ्यावी. हे काम इतिहासाचे आहे, तितकेच महसुलाचेही आहे.

माळीणनंतर २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी येथे दरडी कोसळल्या. धोक्याच्या वस्त्या हलविण्याचा विषय निघाला की ग्रामसभेत घराच्या चौरस फुटांची चर्चा पुष्कळ होते. पंचायत सदस्यांनी आणखी एक प्रश्न विचारावा : नव्या घरापासून खाचर किती अंतरावर आहे? ती वाट फार लांबची असेल, तर लावणीच्या दिवसांत, म्हणजे ऐन आषाढात, शेतकरी शेताजवळच खोपट घालील आणि गुरांसह तेथेच झोपेल. शासनदप्तरी ती वाडी रिकामी असेल आणि त्या कड्याखाली रात्री चुली पेटलेल्या असतील.