नाशिक शहर आणि जिल्हा : एकाच नियोजनाचे दोन भागीदार



नाशिक महानगरपालिकेची हद्द नकाशावर एका ठळक रेषेने दाखविलेली असते. प्रशासनाच्या सोयीसाठी अशी रेषा आवश्यकच आहे. कर कोणी गोळा करावा, रस्ता कोणी दुरुस्त करावा, शाळेवर देखरेख कोणाची, हे त्या रेषेवरून ठरते. परंतु त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी ही रेषा जाणत नाही. ती ग्रामीण भागातून वाहत गंगापूर धरणात येते, तेथून शहरात प्रवेश करते आणि दसक-पंचक मागे टाकून पुन्हा ग्रामीण भागात शिरते. पुढे निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी तिचे पाणी अडविले जाते. शहरात येणाऱ्या पाण्यावर त्र्यंबक नगरपरिषद आणि वरच्या गावांच्या कारभाराचा ठसा असतो. शहरातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर महानगरपालिकेच्या कारभाराचा. नदीकाठचे प्रत्येक गाव कोणाच्या तरी वरच्या अंगाला असते आणि कोणाच्या तरी खालच्या अंगाला. नाशिक परिसराच्या विकासाचा विचार करताना ही साधी गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

वाढते शहर, बदलता परिसर

नाशिक नगरपालिकेची स्थापना १८६४ सालची, तर नाशिक जिल्हा परिषद १९६२ साली, पंचायत राज्याच्या आरंभाबरोबर अस्तित्वात आली. त्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. ओझर येथे विमानांचा कारखाना आला. नाशिकरोडला नोटांचे व प्रतिभूतींचे मुद्रणालय आधीपासूनच होते. सिडकोने नवे नाशिक वसविले. कामगार आले, त्यांची कुटुंबे आली, घरे वाढली. अखेर ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची अनेक खेडी एकत्र करून महानगरपालिका स्थापन करण्यात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर, तर जिल्ह्याची ६१ लाखांवर गेलेली दिसते.

या आकड्यांमागे परस्परावलंबनाचे मोठे जाळे आहे. शहराचे पाणी गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून येते. ही तिन्ही धरणे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर, नाशिक व इगतपुरी तालुक्यांच्या ग्रामीण भागात आहेत. दिंडोरी, निफाड व सिन्नरचा भाजीपाला रोज शहराच्या बाजार समितीत उतरतो. आसपासच्या गावांतील तरुण कारखान्यांत कामाला येतात. मुली महाविद्यालयांत शिकायला येतात. रुग्ण उपचारासाठी येतात. उलट दिशेने शहरातून बाहेर जाते ते सांडपाणी, घरांची मागणी आणि जमिनीचा वाढता भाव. शहर आणि खेडे यांचे नाते असे दुहेरी आहे. त्याचा हिशेब मात्र आजवर बहुधा दोन स्वतंत्र वह्यांत मांडला गेला आहे.

कायद्याने दिलेली चौकट

या दोन वह्या जोडण्याची तरतूद कायद्यात नाही, असे मुळीच नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ साली संमत झाला. या कायद्याने नगराच्या विकास योजनेच्या बरोबरीने प्रादेशिक योजनेला स्थान दिले. शहराकडे एकटे न पाहता त्याच्या भोवतालच्या प्रदेशासह पाहावे, हा त्यामागील विचार होता. १९७० नंतरच्या दशकात राज्यात जिल्हा पातळीवर नियोजन व विकास मंडळे काम करू लागली. पुढे १९९२ साली संमत झालेल्या आणि १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीला घटनात्मक अधिष्ठान मिळवून दिले. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ साली स्वतंत्र कायदा केला.

या घटनादुरुस्तीतील शब्द प्रत्येक पंचायत सदस्याने मुळातून पाहण्यासारखे आहेत. पंचायती व नगरपालिका यांच्या योजना एकत्रित करणे, एवढेच काम समितीला सोपविलेले नाही. दोहोंच्या समान हिताच्या बाबी तिने विचारात घ्यावयाच्या आहेत. जागेचे नियोजन, पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास आणि पर्यावरणाचे जतन या बाबींचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून, ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात, निवडले जावेत असाही दंडक आहे. याचा अर्थ असा की, नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य यांनी एका मेजाभोवती बसावे, हे घटनेनेच ठरवून दिले आहे. नाशिकमध्ये महानगरपालिका आणि जिल्हा परिषद या दोन्ही संस्थांची मुदत २०२२ साली संपली आणि त्यानंतर प्रदीर्घ काळ प्रशासकांच्या हाती कारभार राहिला. अशा काळात या मेजावरच्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि नियोजनातला लोकांचा आवाज क्षीण होतो, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

२०१६ च्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अधिनियमाखाली २०१७ साली नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. शहराभोवतालच्या तालुक्यांतील गावे त्याच्या कक्षेत आली. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी बांधकामाची एकात्मिक नियमावली मंजूर झाली. हद्दीच्या अलीकडे एक नियम व पलीकडे दुसरा, ही जुनी अडचण त्यामुळे बरीच कमी झाली.

सहकार्य जेथे घडले

नाशिकला सहकार्याचा अनुभव नवा नाही. सिंहस्थ हा त्याचा सर्वांत मोठा पाठ होय. हे पर्व एका गावचे नाही. वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करतात. महानगरपालिका, त्र्यंबक नगरपरिषद, जिल्हा परिषद, महसूल, पोलीस, पाटबंधारे व राज्य परिवहन यांना एकच आराखडा हाती घेतल्याखेरीज ते पार पाडता येत नाही. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. २०१५ च्या सिंहस्थात वाहने शहराबाहेरच थोपविणे, तेथून बसने भाविकांना आणणे, येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे ठेवणे यांवर भर देण्यात आला आणि पर्वण्या तशा दुर्घटनेविना पार पडल्या. शहरातली गर्दी आवरण्याची व्यवस्था शहराबाहेरच्या गावांतून सुरू होते, हा त्यातील बोध आहे. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी २०२५ साली स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणाची कायदेशीर तरतूद झाली.

दुसरे उदाहरण पाण्याचे. दरवर्षी पावसाळा संपल्यावर धरणांतील साठ्याचा हिशेब होतो आणि कालवा सल्लागार समितीत पिण्याचे पाणी, उद्योग व सिंचनाची आवर्तने यांची वाटणी ठरते. शहराचा नळ आणि शेतकऱ्याचे आवर्तन यांची येथे समोरासमोर गाठ पडते. त्यातही हा हिशेब जिल्ह्यापुरता मिटत नाही. समन्यायी वाटपाच्या सूत्रानुसार २०१५, २०१८ आणि २०२३ साली वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागले. म्हणजे खालच्या अंगाला असल्याचे दुःख मराठवाड्याने नाशिकला सांगितले. तेच दुःख निफाडची गावे शहराला सांगत असतात.

तिसरे उदाहरण वाहतुकीचे. जुलै २०२१ पासून महानगरपालिकेची बससेवा सुरू झाली आणि तिच्या गाड्या हद्द ओलांडून त्र्यंबकेश्वर, सिन्नर यांसारख्या ठिकाणी जाऊ लागल्या. प्रवासी जेथून येतो तेथवर सेवा पोहोचली पाहिजे, हे तत्त्व येथे मान्य झाले.

अडचण कोठे आहे?

तथापि, पर्वणीचे सहकार्य बारा वर्षांतून एकदा घडते आणि पाण्याची बैठक वर्षातून मोजक्या वेळा. रोजचा कारभार मात्र विभागलेलाच राहतो. याचा सर्वाधिक ताण हद्दीलगतच्या ग्रामपंचायतींवर पडतो. तेथे इमारतीचा नकाशा मंजूर करण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे असतो. पण त्या इमारतीत राहायला येणाऱ्या कुटुंबांना नळ, गटार, दिवा आणि घंटागाडी पुरविण्याची अपेक्षा ग्रामपंचायतीकडून केली जाते. परवानगी एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे अशी ही स्थिती आहे. काही हजार वस्तीसाठी केलेली पाणीयोजना अल्पावधीत अपुरी पडते. गटार नसल्याने सांडपाणी ओढ्यात जाते आणि ओढा नदीला मिळतो. गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीतून रस्त्याची जागाच शिल्लक राहत नाही. पुढे ते गाव शहरात आले, तर हा सारा अनुशेष शहराच्या माथी येतो. न आले, तर तो गावाच्याच नशिबी राहतो.

नदीच्या खालच्या अंगाला याचे परिणाम स्पष्ट दिसतात. निफाड तालुक्यातील चांदोरी व सायखेडा परिसरात पाणवेलींचे थर साचतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांतील पुरांत या गावांना मोठी झळ बसली. ज्या नांदूरमधमेश्वरला २०२० च्या आरंभी महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान जाहीर झाला, त्याच्याही पाण्याची प्रत वरून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून आहे. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ साली जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली निरनिराळ्या यंत्रणांना एकत्र आणावे लागले. जे एकत्र बसणे नियोजनातून घडावयास हवे होते, ते न्यायालयाच्या दारातून घडले.

विलीनीकरण हाच मार्ग नव्हे

अशा वेळी गावे शहरात विलीन करावीत, हा उपाय सहज सुचतो. पुण्याचा अनुभव येथे विचारात घेण्यासारखा आहे. २०१७ साली अकरा आणि २०२१ साली आणखी तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत आली. त्यांपैकी उरुळी देवाची व फुरसुंगी ही गावे शहराच्या कचरा डेपोमुळे दीर्घकाळ त्रस्त होती. २०२४ साली या दोन गावांना महानगरपालिकेतून वेगळे काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. नुसती रेषा पुढे सरकविल्याने प्रश्न सुटत नाही, हे यावरून दिसते. रेषा जेथे नेऊन ठेवावी, तेथे तिच्या पलीकडे नवे गाव उभे असतेच.

फ्रान्समध्ये १९६६ च्या कायद्याने लिऑं, लील यांसारख्या मोठ्या शहरांभोवती निराळी व्यवस्था केली. तेथील लहानमोठ्या गावांनी आपले नाव, आपली पंचायत व आपला महापौर कायम ठेवला आणि पाणी, कचरा, रस्ते यांसारखी कामे संयुक्त संस्थेकडे सोपविली. आपल्याकडेही हा विचार परका नाही. नाशिक जिल्ह्यातच चांदवड तालुक्यातील चव्वेचाळीस गावांची नळपाणीपुरवठा योजना आहे. अनेक गावे, प्रत्येकीची ग्रामपंचायत स्वतंत्र, पण पाण्याची योजना एक. जे गावागावांत शक्य आहे, ते शहर व गाव यांच्यात अशक्य मानण्याचे कारण नाही.

तीन कामे

यास्तव तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. पहिली, एक नकाशा. शहराची विकास योजना व भोवतालच्या गावांची योजना एकाच कागदावर मांडली जावी आणि त्यावर रस्त्यांबरोबर ओढे, नाले, पूररेषा व बागायती जमीनही दाखविली जावी. दुसरी, पाण्याचा एक जमाखर्च. धरणातून किती उचलले यासोबतच किती पाणी शुद्ध करून परत दिले, हेही त्याच पानावर यावे. शहराने टाकळी, तपोवन, पंचक व चेहेडी येथे मलजल शुद्धीकरण केंद्रे उभारली आहेत. त्यांच्या कामाशी निफाडच्या शेतकऱ्याचा संबंध नाशिकच्या नागरिकाइतकाच निकटचा आहे. त्याचप्रमाणे गंगापूरच्या पाणलोटातील गावांनी केलेल्या मृद्‌संधारणाशी शहराचा संबंध आहे. धरणात गाळ साचून त्याची साठवण घटली आहे, आणि तो गाळ डोंगरउतारावरूनच येतो. तिसरी गोष्ट, परवानगीबरोबर निधी. जेथे बांधकामाची परवानगी दिली जाते, तेथील शुल्कातून गटार व पाणी यांची तरतूद आधी झाली पाहिजे आणि ती ग्रामपंचायतीच्या संमतीने झाली पाहिजे.

ही कामे केवळ मंत्रालयातून किंवा महापालिका भवनातून होणारी नाहीत. विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत असते. त्या मुदतीत ग्रामसभेने नकाशा वाचून ठराव केला, तर तो अभिलेखाचा भाग होतो. मुदत टळल्यावर घेतलेले आक्षेप बहुधा ऐकले जात नाहीत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो नकाशा चावडीवर लावावा, पंचायत सदस्याने आपला ओढा त्यात दाखविला आहे की नाही ते तपासावे. शिक्षकाने मुलांना आपल्या गावाचे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे शिवारात नेऊन दाखवावे. भूगोलाचा याहून जिवंत धडा क्वचितच सापडेल.

वरच्या गावाने खालच्या गावासाठी पाणी स्वच्छ सोडावे, हा आपल्याकडील जुना शिष्टाचार आहे. शहर व जिल्हा यांच्या नियोजनात तोच शिष्टाचार लेखी स्वरूपात, अंदाजपत्रकातील रकमेसह आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह उतरला पाहिजे. तसे झाले, तर हद्दीची रेषा कारभारापुरती राहील आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना सारखेच पाणी, सारखाच रस्ता व सारखाच विश्वास लाभेल.