बडोदे पाहावयास जाताना



सन १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याच्या कवळाणे या लहानशा गावातून एक बारा वर्षांचा मुलगा बडोद्यास आणण्यात आला. त्याचे नाव गोपाळराव. खेड्यात वाढलेल्या या मुलास तोवर अक्षरओळखही झालेली नव्हती. महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी त्यास दत्तक घेतले, आणि पुढे हाच मुलगा महाराजा सयाजीराव गायकवाड या नावाने विख्यात झाला. १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली व १९३९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, ती त्यांच्याकडेच राहिली. आज बडोद्यात जे पाहावयास लोक जातात, त्यांतील बराच भाग याच काळात उभा राहिला. हे शहर घडविणारा पुरुष स्वतः एके काळी तेथे खेड्यातून आलेला नवखा पाहुणा होता, ही गोष्ट प्रथमच शहर पाहण्यास निघालेल्या ग्रामीण माणसास धीर देणारी आहे.

नवख्या माणसाच्या मनात शहराविषयी दोन भावना असतात. एक उत्सुकतेची आणि दुसरी धास्तीची. पुरेशी माहिती असली म्हणजे धास्ती ओसरते आणि पाहण्याचा आनंद वाढतो. तेव्हा पाहण्याजोगे काय आहे आणि जपण्याजोगे काय आहे, या दोहोंचा विचार एकत्रच करावयास हवा.

निघण्यापूर्वी

बडोदे हे मुंबई-दिल्ली व मुंबई-अहमदाबाद या दोन्ही लोहमार्गांवरील मोठे जंक्शन आहे. मुंबईहून ते सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. खानदेशातील प्रवाशास नंदुरबारमार्गे सुरतेस येऊन पुढे जाता येते. थंडीचे दिवस प्रवासास उत्तम. मे महिन्यात ऊन फार कडक असते, आणि पावसाळ्यात विश्वामित्री नदीस पूर येण्याचा संभव असतो. नवरात्रातील गरबा पाहावयाचा असेल, तर मुक्कामाची सोय कित्येक दिवस आधी करावी. गुजरातच्या गरब्याचा २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश झाला असून बडोद्याच्या मैदानांवर त्या नऊ रात्री अफाट गर्दी लोटते.

मुक्कामाचा पत्ता, यजमानाचा दूरध्वनी क्रमांक आणि गावाकडील एका जबाबदार माणसाचा क्रमांक कागदावर लिहून प्रत्येकाने खिशात ठेवावा. क्रमांक मोबाइलमध्ये आहेतच, असे म्हणून चालत नाही. मोबाइल हरवतो, बंद पडतो, आणि मग पाठ असलेला एकही क्रमांक आठवत नाही. ओळखपत्राची मूळ प्रत व छायाप्रत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावी. सर्व पैसे एकाच पाकिटात ठेवू नयेत.

महाराष्ट्रातील प्रवाशाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गुजरातेत दारूबंदी आहे. परवान्याशिवाय मद्य बाळगणे वा पिणे हा तेथे गुन्हा असून, आपल्या राज्यातून येताना बरोबर आणले ही सबब चालत नाही.

मुक्कामाचा प्रश्न

परक्या शहरात निवारा नसणे म्हणजे काय, याची एक कहाणी याच शहरात घडली आहे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आले. अस्पृश्य म्हणून त्यांना कोठेही जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी आश्रय घेतला. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव दाराशी येऊन उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. ओळखीच्यांकडेही थारा मिळाला नाही. मुंबईच्या गाडीस अवकाश होता. तो सारा वेळ या विद्वान पुरुषाने कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, बसून काढला. ती जागा आता 'संकल्पभूमी' म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबरला तेथे मोठ्या संख्येने लोक येतात.

आज राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि जातीच्या वा धर्माच्या कारणावरून उपाहारगृहात अथवा सार्वजनिक जागी कोणास मज्जाव करता येत नाही. तरीही सावधगिरी म्हणून खोली आधी ठरवावी, भाडे व वेळा विचारून घ्याव्यात, पावती मागावी. स्टेशनबाहेर अंगाशी येऊन 'स्वस्त खोली दाखवतो' म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये. रात्री उशिरा पोहोचणारी गाडी शक्यतो टाळावी.

भाषा आणि रस्ते

बडोद्यात मराठी माणसास परकेपणा वाटत नाही. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली. तथापि पाट्या गुजराती लिपीत असतात. त्या लिपीत अक्षरांवर शिरोरेषा नसते. ग, म, न, प, र यांसारखी अक्षरे सहज ओळखू येतात. पण क, ख, ज, ब, ल यांची वळणे वेगळी असल्याने घोटाळा होतो. रस्ता विचारताना 'जमणी बाजू' असे उत्तर आले, तर ती उजवी बाजू समजावी. 'डाबी' म्हणजे डावी. एवढे दोन शब्द ठाऊक असले, तरी पुष्कळ पायपीट वाचते.

रिक्षात बसण्यापूर्वी भाडे मीटरप्रमाणे की ठरवून, हे स्पष्ट करून घ्यावे. रस्ता पोलिसास, दुकानदारास किंवा कुटुंबासह चाललेल्या माणसास विचारावा.

काय पाहावे

बडोदे सावकाश पाहण्यास दोन दिवस तरी हवेत. पहिला दिवस स्टेशनच्या बाजूस द्यावा. सामान मुक्कामी ठेवूनच बाहेर पडावे. १८७९ मध्ये सुरू झालेली सयाजीबाग स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. तेथे इजिप्तमधील ममी, देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि अकोटा येथे सापडलेल्या प्राचीन जैन धातुमूर्ती आहेत. शिक्षकांनी मुलांना या मूर्तींपाशी थोडा वेळ थांबवावे. बडोद्याच्या परिसरात इतक्या जुन्या काळी धातूचे एवढे नाजूक काम होत होते, हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळते. जवळच विद्यापीठाच्या कला शाखेचा भव्य घुमट दिसतो. १८८१ मध्ये स्थापन झालेले बडोदे महाविद्यालय ते हेच. पुढे गायकवाड घराण्याचे स्मारक असलेले कीर्तिमंदिर आहे. त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी रंगविलेली गंगावतरण, महाभारत व मीराबाई यांची चित्रे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मीविलास राजवाडा पाहावा. मेजर मँट या वास्तुशिल्पज्ञाने त्याचा आराखडा केला. त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी काम पुढे नेले आणि १८९० मध्ये वाडा पूर्ण झाला. आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आहेत. घरोघरी ज्यांच्या छापील प्रती लागल्या, त्या चित्रकाराचा मूळ रंग येथे पाहावयास मिळतो. सोमवार सोडून जावे आणि वेळ आधी विचारून घ्यावी.

दुपारनंतर जुन्या शहरात शिरावे. सुरसागर तलाव, १८९६ चे न्यायमंदिर, चार दरवाज्यांच्या मधोमध असलेली मांडवी आणि मध्यवर्ती ग्रंथालय ही ठिकाणे एकमेकांपासून दूर नाहीत. न्यायमंदिरातील न्यायालये २०१८ मध्ये नव्या इमारतीत गेली. वास्तू बाहेरूनही पाहण्याजोगी आहे. ग्रंथालयाची उभारणी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाली. येथूनच लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठविली जात. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यास नव्याने वाचू लागलेल्यांच्या हाती पुस्तक देण्याचीही चिंता होती. ग्रामीण शिक्षकाने व ग्रामसेवकाने हे ठिकाण चुकवू नये. दिवाण भाऊ तांबेकर यांचा चित्रांनी भरलेल्या भिंतींचा मराठी वळणाचा वाडाही याच जुन्या भागात आहे.

या भागात वाट अरुंद व गर्दी दाट असते. दागिने अंगावर मिरवू नयेत, पिशवी पुढे धरावी, आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते आधीच ठरवावे.

पाण्यापासून जपा

बडोद्यात खरा धोका पाण्यापाशी आहे. विश्वामित्री नदी शहराच्या मधून आणि सयाजीबागेतून वाहते, आणि तिच्यात मगरी आहेत. एक-दोन नव्हेत, शेकडो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या रस्त्यांवर व वस्त्यांत आल्या होत्या. नदी संथ दिसते म्हणून हातपाय धुण्यास, कपडे विसळण्यास वा छायाचित्र काढण्यास काठाशी उतरू नये. गावच्या नदीची सवय येथे घातक ठरते.

दुसरी घटना सांगताना मन जड होते. १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीस आलेल्या मुलांची नौका शहरातील हरणी तलावात उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. नौकेत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे बसविलेली होती आणि अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. याच शहरात सुरसागर तलावात १९९३ मध्येही नौका उलटून बावीस जण दगावले होते.

सहल नेणाऱ्या शिक्षकाने यातून एक निश्चय करावा. जितकी जाकिटे तितकीच मुले, आणि प्रत्येकाच्या अंगावर जाकीट बांधल्याशिवाय नौका सुटता कामा नये. नौकेवर क्षमतेचा आकडा लिहिलेला नसेल, तर मुलांना चढवू नये. मुले हट्ट धरतील, नावाडी 'काही होत नाही' म्हणेल, पैसे भरलेले असतील; तरी 'नाही' म्हणण्याचा अधिकार शिक्षकाचा आहे आणि तो त्याने वापरावा. प्रत्येक थांब्यावर चढताना व उतरताना मुले मोजावीत. सहलीस मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनीही कागदावरील सहीपुरते न थांबता, मुलांबरोबर किती मोठी माणसे जात आहेत आणि कार्यक्रमात जलविहार आहे काय, हे विचारावे.

अडचण आल्यास

कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, रेल्वेतील मदतीसाठी १३९, महिलांसाठी १८१, हरवलेल्या मुलासाठी १०९८ आणि मोबाइलवरून पैशांची फसवणूक झाल्यास १९३० हे क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवावेत. पैसे मिळण्यासाठी गुप्त अंक कधीच द्यावा लागत नाही. तो मागणारा फसविणाराच समजावा. गाडीत अनोळखी माणसाने दिलेले पेय वा खाद्य नम्रपणे नाकारावे. त्यात उद्धटपणा नाही.

प्रवाशाच्या सुरक्षिततेचा निम्मा भार त्याच्या स्वतःच्या सावधपणावर असतो. उरलेला निम्मा त्याला सामावून घेणाऱ्या शहरावर असतो. १९१७ साली तो दुसरा भार उचलला गेला नाही. २०२४ मध्ये हरणीच्या पाण्यावरही तो उचलला गेला नाही. नाव चालविणारा, खोली देणारा, रिक्षा हाकणारा, तिकीट फाडणारा आणि कचेरीत बसून परवाना देणारा, हे सर्वच परगावच्या माणसाचे यजमान आहेत. पाहुण्याने आपली काळजी घ्यावी आणि यजमानाने पाहुण्याची घ्यावी. असे झाले, तर खेड्यातून निघालेले प्रत्येक मूल शहर पाहून, काही नवे शिकून, सुखरूप घरी परतेल.